अबोली छटेचा गुलाब लग्नमंडपात कोठून आला?

आजचा धागा लढाईचा नाही, किल्ल्याचा नाही आणि तहाचाही नाही. तो एका फुलाचा आहे. थोडा लांब आहे, तेव्हा निवांत वाचा.

लग्नसराईत कोणत्याही मोठ्या शहरातील स्वागत समारंभाला गेलात, तर एक दृश्य हमखास दिसते. वधूच्या हातात फिकट केशरी-गुलाबी गुलाबांचा गुच्छ, वराच्या कोटावर त्याच छटेचे एक फूल, व्यासपीठामागे त्याच फुलांची भिंत आणि जेवणाच्या टेबलांवरही तीच फुले. डेकोरेटरच्या भाषेत याला 'पीच थीम' म्हणतात. पँटोन या रंगसंस्थेने २०२४ सालचा रंग म्हणून 'पीच फझ' जाहीर केल्यापासून या छटेला आणखीच मान मिळाला.

अशा समारंभाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर आली की त्याखाली दोन मते ठरल्याप्रमाणे उमटतात. एक मत म्हणते, ही युरोपातील राजघराण्यांची अभिजात परंपरा आहे. दुसरे म्हणते, हे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण आहे, आपला झेंडू आणि निशिगंध काय वाईट होता? माझ्या मते इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही मते टिकत नाहीत. या सजावटीत आपण खरोखर जे गमावले आहे, त्याकडे मात्र या वादात कोणाचेच लक्ष जात नाही. ते म्हणजे गुलाबाचा गंध.

आधी रंगाच्या नावाविषयी थोडेसे, कारण त्यातच पुढच्या सगळ्या कथेची चुणूक आहे. पीच या फळाचे शास्त्रीय नाव 'प्रूनस पर्सिका', म्हणजे इराणचे फळ. रोमन लोकांना ते इराणमार्गे मिळाले, म्हणून हे नाव पडले. फळ मुळात चीनचे. भारतात मात्र ही आठवण शिल्लक राहिली होती. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगाने लिहून ठेवले आहे की कनिष्काच्या काळी चीनकडून आलेल्या ओलिसांनी पीच आणि नासपती ही फळे या देशात आणली, म्हणून पीचला 'चीनानी' आणि नासपतीला 'चीनराजपुत्र' म्हणत. मराठीत पुढे फारसीवरून 'सप्ताळू' हा शब्द रुळला आणि आता तो जवळजवळ विसरलाही गेला. रंगासाठी मात्र मराठीजवळ स्वतःचा सुंदर शब्द आहे: अबोली. कोकणात आणि गोव्यात ज्या फुलाचे वळेसर केसांत माळतात, त्याच फुलाचा हा रंग. तेव्हा या धाग्यात मी शक्य तेथे 'अबोली छटा' असेच म्हणणार आहे.

आता राजघराण्याच्या परंपरेचा दावा तपासू. १० फेब्रुवारी १८४० रोजी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातील प्रार्थनागृहात राणी व्हिक्टोरियाचा अल्बर्टशी विवाह झाला. पांढरा साटीनचा पोशाख, होनिटनची लेस आणि डोक्यावर रत्नजडित मुकुटाऐवजी नारिंगाच्या फुलांची माळ. पांढऱ्या पोशाखात विवाह करणारी ती पहिली राणी नव्हे. स्कॉटलंडची मेरी १५५८ साली पॅरिसमध्ये पांढऱ्या वेशातच बोहल्यावर चढली होती. पण व्हिक्टोरियाच्या विवाहाची चित्रे आणि वर्णने छापून सर्वदूर गेली, म्हणून तिचे अनुकरण झाले. तिच्या पोशाखाचा घोळ सांभाळणाऱ्या बारा तरुणींच्या पांढऱ्या वेशांवर पांढरे गुलाब होते, आणि त्या वेशाचे रेखाटन राणीने स्वतः केले होते. सगळ्यांची फुले एकसारखी असावीत, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते. अबोली छटेचा गुलाब मात्र कोठेच दिसत नाही.

नारिंगाचे फूल हा युरोपीय वधूचा ठरलेला अलंकार झाला खरा, पण थंड देशात ते वर्षभर कोठून मिळणार? म्हणून एकोणिसाव्या शतकात मेणाची नारिंगफुले करण्याचा धंदाच उभा राहिला. आज प्लॅस्टिकच्या फुलांविषयी आपण जी तक्रार करतो, तिला असा एक जुना, 'राजेशाही' पूर्वज आहे. (आणि नारिंगाचे झाड तरी कोठले? तेही आशियातलेच.)

वराच्या कोटावरील फुलाची कथा याहून साधी आहे. कोटाची कॉलर पूर्वी गळ्यापर्यंत बंद होत असे. ती उलटी दुमडण्याची पद्धत आली, तेव्हा वरचे काजे निरुपयोगी होऊन छातीवर उरले. एकोणिसाव्या शतकात त्या रिकाम्या काजात फूल खोचले जाऊ लागले. इंग्रजीत त्या फुलाला आजही 'बटनहोल' म्हणतात. एका शिवणीच्या अवशेषावर आज हजारोंची सजावट उभी आहे, हे मला फार आवडते.

मग हा रंग गुलाबात आला कोठून? येथून खरा प्रवास सुरू होतो, आणि तो युरोपात नव्हे, चीनमध्ये सुरू होतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील बागांमधले गुलाब मुख्यतः पांढरे, गुलाबी आणि जांभळट-लाल होते. पिवळे गुलाब होते, पण थोडे. मुख्य अडचण निराळीच होती. थोडे अपवाद सोडले, तर ते वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही आठवडे फुलत. चीनमधील बागाइतांनी मात्र वारंवार फुलणारे गुलाब शतकानुशतके जोपासले होते. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे कँटनहून चहा आणत, त्याच मार्गाने हे गुलाबही पश्चिमेकडे निघाले. वाटेत कलकत्ता. तेथील वनस्पती उद्यान १७८७ साली स्थापन झाले होते आणि चीनकडून येणारी रोपे तेथे विसावत. परिणाम असा झाला की चीनचा गुलाब युरोपात 'बंगालचा गुलाब' म्हणून ओळखला जाऊ लागला. पीचला इराणचे नाव चिकटले, तसे गुलाबाला बंगालचे. दोन्ही वेळा मूळ घर चीन, आणि दोन्ही वेळा श्रेय वाटेतल्या मुक्कामाला.

आपल्या कथेसाठी यांतील दोन रोपे सर्वांत महत्त्वाची. १८०९ साली इंग्लंडला पोहोचलेला फिकट गुलाबी 'ह्यूम्स ब्लश टी-सेंटेड चायना' आणि १८२४ साली लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीसाठी जॉन पार्क्स याने आणलेला पिवळसर 'पार्क्स येलो टी-सेंटेड चायना'. या नावांतला एक शब्द लक्षात ठेवा: टी-सेंटेड, म्हणजे चहाच्या गंधाचा. ज्या घराण्यातून पुढे अबोली छटा निपजली, त्या घराण्याची ओळखच गंधावरून ठरली होती. या टी गुलाबांच्या रक्तात 'रोझा जायगँशिया' ही रानटी जात आहे. ती युन्नान आणि म्यानमारप्रमाणे आपल्या मणिपूरच्या डोंगरांतही उगवते. 'पाश्चात्त्य फूल' म्हणताना हे ध्यानात असू द्या.

फ्रान्समध्ये सम्राज्ञी जोसेफीनने मालमेझों येथे गुलाबांचा मोठा संग्रह केला होता. इंग्लंडशी युद्ध चालू असतानाही ती लंडनच्या रोपवाटिकेकडून रोपे मागवत असे. ती १८१४ साली वारली, पण गुलाबांच्या संकराचे वेड तोवर फ्रान्समध्ये रुजले होते. १८३९ साली 'साफ्रानो' हा गुलाब आला. त्याच्या कळीवर जर्दाळूची, म्हणजे आपल्या अबोलीच्या जवळची, छटा होती. १८५३ साली 'ग्ल्वार द दिजों' आला: फिकट जर्दाळू रंगाचा, भरगच्च पाकळ्यांचा आणि अतिशय सुगंधी. आजच्या लग्नातील पीच गुलाबाचे पणजोबा शोधायचे असतील, तर ते हे.

तरीही या छटा नाजूक होत्या, उन्हात विटत. त्यांत ठसठशीत केशरी-पिवळेपणा आणला तो लियोंजवळच्या जोझेफ पेर्ने-द्युशे याने. इराणमधून आलेला 'पर्शियन येलो' हा गर्द पिवळा गुलाब आणि संकरित गुलाब यांचे मीलन घडवण्यासाठी तो वर्षानुवर्षे खटपट करत राहिला. बहुतेक प्रयत्न फसले. १९०० साली त्याचा 'सोलेय दॉर', म्हणजे 'सोनेरी सूर्य', लोकांसमोर आला. आज केशरी, तांबूस-पिवळे, अबोली असे जे गुलाब दिसतात, त्यांतील फार मोठ्या भागात या संकराचे रक्त आहे. सोबत एक शापही आला. त्या इराणी गुलाबाची पाने काळ्या ठिपक्यांच्या रोगाला सहज बळी पडतात, आणि तो दुबळेपणा संततीतही उतरला. शिवाय त्या जातीचे शास्त्रीय नाव 'रोझा फेटिडा', म्हणजे दुर्गंधी गुलाब!

पेर्ने-द्युशेचे दोन्ही मुलगे, क्लॉडियस आणि जॉर्ज, पहिल्या महायुद्धात मारले गेले. त्याची रोपवाटिका पुढे चालवणारे घरात कोणी उरले नाही. युद्धानंतर त्याने दोन गुलाबांना त्यांची नावे दिली, 'सुव्हनीर द क्लॉडियस पेर्ने' आणि 'सुव्हनीर द जॉर्ज पेर्ने'. पहिला पिवळा आहे, ज्या रंगासाठी बापाने आयुष्य वेचले तोच. लग्नाच्या फुलांची चर्चा करताना हे दोन गुलाब मला आठवल्यावाचून राहत नाहीत.

आता एक गोष्ट उघड होईल. 'पीच गुलाब म्हणजे कृतज्ञता' असे जे तक्ते प्राचीन पुष्पभाषेच्या नावाने फिरतात, त्यांना प्राचीन म्हणणे चूक आहे. पुष्पभाषेचे प्रसिद्ध फ्रेंच पुस्तक १८१९ सालचे. अबोली छटेचे बागेतले गुलाब त्यानंतरचे. जे फूलच नव्हते, त्याचा प्राचीन अर्थ कसा असेल?

एवढे झाले तरी वधूच्या गुच्छापासून टेबलापर्यंत एकच छटा, हे दृश्य अजून दूर होते. १९८१ साली डायानाच्या विवाहातील प्रचंड गुच्छ आठवा. त्यात पांढरी गार्डेनिया, ऑर्किड, लिली ऑफ द व्हॅली होती आणि त्यांच्यात लॉर्ड माउंटबॅटनच्या स्मरणार्थ सोनेरी 'माउंटबॅटन' गुलाब. शिवाय व्हिक्टोरियाच्या मुलीपासून चालत आलेली मर्टलची डहाळी. प्रत्येक फुलाला तेथे काही कारण होते. सर्व फुलांनी एकाच छटेत यावे असा हट्ट राजघराण्याच्या त्या गुच्छातही नव्हता.

हा हट्ट पुरवता येऊ लागला तो परंपरेमुळे नव्हे, तर शेती आणि वाहतूक यांच्यामुळे. गुलाबाचे बी पेरले तर प्रत्येक रोप निराळे निघते. डोळा भरून कलम केले, तर हजारो रोपे एकाच रोपाची प्रतिकृती ठरतात, म्हणून हजारो फुलांची छटा एक. ती पॉलिहाउसमध्ये वाढवायची, दांडीच्या लांबीनुसार प्रतवारी करायची, शीतगृहातून विमानाने पाठवायची. केनियातील नैवाशा सरोवराकाठी, इथियोपियात, इक्वेडोर आणि कोलंबियाच्या पठारांवर हा व्यवसाय पसरला आहे, आणि नेदरलँड्सच्या आल्समीर येथील लिलावात त्याचे भाव ठरतात. आपल्या मावळात, तळेगावच्या परिसरात, हेच चालते. फेब्रुवारी जवळ आला की तेथील लाल गुलाब परदेशी रवाना होतात. या सगळ्या साखळीत फूल खुडणारे, निवडणारे, बांधणारे हात बहुतांशी स्त्रियांचे आहेत. समारंभाच्या छायाचित्रात ते येत नाहीत.

२००६ साली डेव्हिड ऑस्टिन यांच्या इंग्लिश रोपवाटिकेने चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात 'ज्युलिएट' हा पीच-जर्दाळू रंगाचा गुलाब सादर केला. पंधरा वर्षांच्या संकरणातून निपजलेला हा गुलाब वृत्तपत्रांत 'तीस लाख पौंडांचा गुलाब' म्हणून गाजला. आजच्या पीच लग्नांची फॅशन वाढवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. म्हणजे ज्याला आपण अभिजात म्हणतो, त्याचे वय तुमच्यापैकी अनेकांहून कमी आहे.

आता दुसऱ्या मताकडे वळतो, कारण ते आपल्या घरातले आहे. 'आपला झेंडू.' झेंडू मेक्सिकोचा! तेथील प्राचीन लोक तो आपल्या मृतांच्या विधींत वापरत, आजही वापरतात. निशिगंध, बाजारातली आपली गुलछडी, तीही मेक्सिकोची. शेवंतीचे मूळ चीनकडे. सोळाव्या शतकाआधीच्या कोणत्याही मराठी लग्नात झेंडूचे तोरण असणे शक्यच नव्हते. या फुलांना आपण आपले म्हटले ते योग्यच झाले. चारशे वर्षे दारावर बांधलेले फूल परके कसे राहील? पण मग हाच न्याय गुलाबाला का नको?

कारण गुलाब तर आपल्याकडे केव्हाचा आहे. फक्त तो डोळ्यांसाठी नव्हता. 'गुलाब' हा शब्दच पाहा. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात गुलाबपाणी. इराणी माणूस फुलाला 'गुल' म्हणाला आणि अर्काला 'गुलाब'. आपण फुलालाच त्याच्या सुगंधी पाण्याचे नाव दिले. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात सांगतो की नूरजहाँची आई गुलाबपाणी काढत असताना वर जो तेलकट तवंग आला, त्यातून गुलाबाचे अत्तर गवसले, आणि त्या अत्तराला 'इत्र-इ-जहांगिरी' हे नाव मिळाले. आपल्या लग्नांत पाहुण्यांचे स्वागत अत्तर-गुलाबाने आणि पानसुपारीने होत असे. दारात उभी राहून कोणी तरी गुलाबदाणीने शिंपडा करी, मनगटाला अत्तर लावी. आंधळ्या पाहुण्यालाही कळे की आपण लग्नघरात आलो.

आज त्याच दारात हजारो गुलाबांची भिंत आहे आणि गंध जवळजवळ नाही. ही कल्पना नव्हे. फूल फुलदाणीत अधिक दिवस टिकावे, प्रवासात दबू नये, दांडी सरळ असावी, हे गुण वाढवताना फूल उत्पादकांनी गंधाकडे दुर्लक्ष केले, आणि कापून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गुलाबांचा वास मंदावला. चहाच्या गंधावरून ज्यांना नाव मिळाले, त्यांच्या वंशजांची ही अवस्था. म्हणून माझा आक्षेप रंगाला नाही, परकेपणाला तर नाहीच. आक्षेप एवढाच की आपण गुलाब स्वीकारताना त्याचे छायाचित्र तेवढे स्वीकारले.

कोणी म्हणेल, अबोलीला तरी कोठे वास असतो? बरोबर आहे. अबोली निर्गंध, आणि तरी ती शतकानुशतके केसांत मिरवली. केवळ रंगासाठी फूल माळणे आपल्याला नवीन नाही. पण वेणीत अबोलीशेजारी मोगरा किंवा मरवा ओवणाऱ्या हातांना ती उणीव ठाऊक होती. ती भरून काढण्याची रीत त्यांच्यापाशी होती. आजच्या सजावटीत ही रीत कोणी विचारत नाही, कारण सजावट कॅमेऱ्यासाठी ठरते आणि कॅमेऱ्याला नाक नसते.

एकाच छटेच्या हट्टाविषयीही मला बोलायचे आहे. उमलताना गुलाबाचा रंग बदलतो, हा त्याचा स्वभाव आहे. अबोली छटेचे गुलाब तर विशेष बदलतात, कळीत गडद, उमलल्यावर फिके. सगळी फुले एका दिवशी एकाच टप्प्यावर हवीत म्हटले, की पुढची-मागची फुले बाजूला पडतात आणि त्यांचे पैसे उत्पादकाला मिळत नाहीत. त्यात स्वस्त कृत्रिम फुले आली की तो आणखी गोत्यात येतो. प्लॅस्टिकची छटा कधीच बदलत नाही, म्हणून एकरंगी सजावटीत तेच फूल जिंकते. एकसारखेपणा हाच निकष ठेवला, तर खऱ्या फुलाची हार ठरलेलीच आहे.

तेव्हा ज्यांची लग्ने ठरली आहेत त्यांनी पीच थीम खुशाल ठेवावी. फूलवाल्याला एक प्रश्न मात्र जरूर विचारावा: यातल्या कोणत्या गुलाबाला वास आहे? दोन-चार छटा एकत्र चालतील, असेही सांगावे. आणि घरातल्या कपाटात चांदीची किंवा पितळेची गुलाबदाणी पडून असेल, तर ती घासून दारात ठेवावी. पीच रंगाशी ती विसंगत दिसत नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाचे छायाचित्र घरी असेल, तर त्यातली फुले नीट पाहा. ते कृष्णधवल असेल तर रंग कळणार नाही, म्हणून आजीलाच विचारा: हार कशाचे होते, वेणी कशाची होती, दारात गुलाबपाणी कोण शिंपडत होते. मिळालेले उत्तर गाव आणि साल यांसह या धाग्याखाली लिहा. पुरेशी उत्तरे आली, तर पुढचा धागा त्यांचाच करू.